आमचे साडू आणि बाजाराचा कल

आमच्या घरात सकाळी सव्वानऊ ते साडेनऊ या वेळात शिंकायला बंदी आहे. अगदीच आवरेना तर बाल्कनीत जाऊन शिंकायचे आणि दार लावून घ्यायचे. कुकर नवाच्या आत लावायचा, नाहीतर साडेनवानंतर. मधल्या पंधरा मिनिटांत शिटी होता कामा नये. हा नियम मी केलेला नाही. नियम करण्याइतके माझे घरात वजन असते, तर हा लेख मला बाथरूमबाहेरच्या स्टुलावर बसून लिहावा लागला नसता. नियम आमच्या साडूंनी डोंबिवलीहून फोनवर केला आणि ठाण्यात तो ताबडतोब लागू झाला.

"पहिली पंधरा मिनिटं बाजार बोलत असतो," साडू म्हणाले. "त्या वेळी आपण तोंड मिटून फक्त ऐकायचं."

फोन स्पीकरवर होता. स्वयंपाकघरातून उत्तर गेले, "भावोजींना म्हणावं, घरातली माणसंही बोलत असतात. त्यांचं ऐकायला पण एखादी वेळ ठरवून द्या."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, यजमान. एका कंपनीच्या हिशेब खात्यातून त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तेव्हापासून ते 'मार्केटमध्ये असतात'. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर तीन मॉनिटर आहेत. त्यामुळे त्यांच्याकडे जेवायला गेले की ताट मांडीवर घ्यावे लागते. एका पडद्यावर भाव हलतो. दुसऱ्यावर तो का हलला हे सांगणारी माणसे एकाच वेळी बोलत असतात. तिसरा कशासाठी, असे मी एकदा विचारले.

"तो कन्फर्मेशनला," साडू म्हणाले.

त्यांना इन्व्हेस्टर म्हटलेले खपत नाही. शेअर घेऊन दहा वर्षे झोपून राहण्यात अक्कल कसली, असे त्यांचे मत आहे. त्यांचा खेळ दोन तासांचा, फार तर दोन दिवसांचा. कंपनी काय बनवते याच्याशी त्यांना कर्तव्य नसते. एका कंपनीचे शेअर त्यांनी एकाच दिवसात घेतले, विकले, पुन्हा घेतले आणि पुन्हा विकले. ही कंपनी पंप बनवते की औषधे, असे मी विचारल्यावर ते वैतागले.

"बनवत असेल काहीतरी. तुम्ही प्राइस बघा ना! प्राइसमध्ये सगळं आलं."

माझ्याकडे एक डीमॅट खाते आहे आणि ऐकून घेण्याची सवय आहे. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर ती लागतेच. एवढ्या भांडवलावर साडूंनी मला शिष्य करून घेतले.

बाजार उघडतो सव्वानऊला, पण तो वाचायची तयारी आदल्या रात्रीपासून करावी लागते. अमेरिकेचा बाजार आपल्याकडच्या मध्यरात्रीनंतर दीड वाजता बंद होतो, थंडीच्या दिवसांत अडीचला. साडू तेव्हा उठून डाऊ बघतात. साडेपाचला जपानचा निक्केई उघडतो, तेव्हा पुन्हा उठतात. साडेसहाला गांधीनगरच्या गिफ्ट सिटीतून गिफ्ट निफ्टी सुरू होतो, त्यानंतर झोपण्यात अर्थ नसतो.

"पोरं तान्ही होती, रात्रभर रडायची," ताई सांगतात, "तेव्हा ह्या माणसाने एकदा कूस बदलली नाही. आता न्यूयॉर्कमध्ये कोणी शिंकलं तरी उठून बसतात."

एवढे जागून साडूंच्या हाती जे लागते त्याला 'ग्लोबल क्यूज' म्हणतात. अमेरिका वाढली तर चांगले, कारण जगात उत्साह आहे. अमेरिका पडली तर आणखी चांगले, कारण आता तिथला पैसा इकडे येणार. कच्चे तेल उतरले तर आपला फायदा, कारण आपण ते बाहेरून आणतो. पण फारच उतरले तर वाईट, कारण जगात मागणी नाही असा त्याचा अर्थ. रुपया घसरला तर परदेशी गुंतवणूकदार पळणार, म्हणून बाजार खाली. पण आयटी कंपन्यांची कमाई डॉलरमध्ये, म्हणून आयटी वर.

"मग आज बाजार वर की खाली?" मी विचारतो.

"ओपनिंग बघू," साडू म्हणतात.

ओपनिंगचाही एक विधी आहे. नवापासून आठ मिनिटे नुसत्या ऑर्डरी गोळा होतात, मग त्यांतून एक भाव ठरतो आणि सव्वानवाला खरा व्यवहार सुरू होतो. कालच्या बंद भावापेक्षा बराच वर उघडला तर गॅप-अप, खाली उघडला तर गॅप-डाउन. साडूंचा सिद्धांत असा की, प्रत्येक गॅप भरला जातो. वर उघडला की थांबायचे, तो गॅप भरायला खाली येतो, तेव्हा घ्यायचा. एका सोमवारी बाजार वर उघडला. आम्ही थांबलो. तो आणखी वर गेला. आम्ही आणखी थांबलो. दुपारी दोनला साडूंचा धीर सुटला आणि त्यांनी वरच्या भावाला घेतला. मग मात्र बाजाराला गॅपची आठवण झाली आणि तो भरायला तो तडक खाली निघाला.

"बघितलंत? भरला की नाही गॅप?" साडू विजयाने म्हणाले. त्या दिवशी त्यांना तोटा झाला होता, पण सिद्धांताला धक्का लागला नव्हता. असा अभ्यासू माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

भाव कसा वागतो हे पाहायला साडू कॅंडलचा चार्ट वापरतात. उघडला कुठे, बंद कुठे झाला, मधे वर किती गेला आणि खाली किती, हे सगळे एका हिरव्या किंवा लाल ठोकळ्यात आणि त्याच्या वातींत बसते. बाजार रोज तीनशे पंच्याहत्तर मिनिटे चालतो. पाच मिनिटांना एक कॅंडल धरली तर दिवसाच्या पंच्याहत्तर मेणबत्त्या झाल्या. इतक्या मेणबत्त्या माणसाने माहीमच्या चर्चमध्ये लावल्या असत्या, तर एखादा नवस नक्की फळला असता.

ही पद्धत काढण्याचे श्रेय अठराव्या शतकातल्या होम्मा मुनेहिसा नावाच्या जपानी व्यापाऱ्याला देतात. हा साकाता गावचा, तांदळाचा व्यापार करणारा. बाजारात भाव फक्त पिकावर ठरत नाही, तो व्यापाऱ्यांच्या मनावरही ठरतो, हे त्याने ओळखले, असे सांगतात. साडूंनी ही कथा भक्तिभावाने सांगितली.

"तांदळाचा व्यापारी ना?" ताई म्हणाल्या. "म्हणजे भाव पडला तरी त्याच्या घरी तांदूळ होता. आपल्याकडे काय आहे?"

साडूंनी हा प्रश्न मूलभूत विश्लेषणात मोडतो म्हणून सोडून दिला.

मेणबत्त्यांना नावे आहेत. डोजी, हॅमर, शूटिंग स्टार, तीन पांढरे सैनिक, तीन काळे कावळे. ही नावे पाठ होईपर्यंत मला बाजार आपल्या मुठीत येणार असे वाटत होते. मग हॅमर आणि हँगिंग मॅन आले. दोघांचा आकार तंतोतंत सारखा, वर छोटे डोके, खाली लांब शेपूट. घसरणीच्या तळाशी दिसला तर तो हॅमर, म्हणजे आता बाजार वर जाणार. चढाच्या माथ्यावर दिसला तर तोच हँगिंग मॅन, म्हणजे आता खाली.

"पण हा तळ आहे की माथा, हे कसं ओळखायचं?" मी विचारले.

"पुढची कॅंडल कन्फर्म करते."

"पुढची पडेपर्यंत भाव निघून गेला तर?"

"मग ट्रेड गेला. पण कन्फर्मेशन मिळालं की नाही?"

नुसत्या मेणबत्त्यांनी भागत नाही, म्हणून साडूंनी इंडिकेटर बसवले. त्यातला आरएसआय हा वेल्स वाइल्डर या अमेरिकन इंजिनिअरने १९७८ साली पुस्तकात मांडला. सत्तरच्या वर गेला की खरेदी जास्त झाली, तीसच्या खाली गेला की विक्री जास्त झाली. साडूंनी आरएसआय बहात्तर झाल्यावर एक शेअर शॉर्ट केला, म्हणजे हातात नसताना विकला आणि संध्याकाळच्या आत स्वस्तात परत घ्यायचे ठरवले. आरएसआय अठ्ठ्याहत्तर झाला.

"आता तर जास्तच ओव्हरबॉट," साडू म्हणाले आणि आणखी विकला. आरएसआय चौऱ्याऐंशी झाला. तेजी जोरात असली की हा आकडा दिवसेंदिवस वरच तरंगत राहतो, हे त्याच पडद्यावर दिसत होते. पण साडू आकड्याशी भांडत होते आणि भाव मात्र कोणाशीच भांडत नव्हता. तो फक्त वर चालला होता.

मग बोलिंजर बँड आले. मूव्हिंग अॅव्हरेज आल्या, नऊची, वीसची, पन्नासची आणि दोनशेची. फिबोनाची आला. या इटालियन गणितज्ञाने १२०२ सालच्या आपल्या ग्रंथात सशांच्या जोड्या कशा वाढतात याचा हिशेब मांडला. त्या आकड्यांतून निघालेल्या ६१.८ टक्के पातळीवर आठशे वर्षांनंतर डोंबिवलीत निफ्टी थांबावा, अशी साडूंची अपेक्षा असते. तो थांबला तर फिबोनाची थोर. नाही थांबला तर पुढे ७८.६ आहेच.

एके दिवशी साडूंचा मुलगा कॉलेजातून आला. पडद्यावर आडव्या, उभ्या, तिरक्या, ठिपक्यांच्या आणि ढगांच्या रेषांचे जाळे होते. तो बराच वेळ बघत उभा राहिला.

"बाबा, यात भाव कुठाय?"

साडूंनी चष्मा पुसला, दोन इंडिकेटर काढले आणि भाव सापडला. दरम्यान तो अकरा रुपयांनी बदललेला होता.

बाजाराची स्थिती ओळखणे ही यापुढची पायरी. साडू सांगतात त्याप्रमाणे बाजार दोनच प्रकारचा असतो. एक चालणारा, त्याला ट्रेंड म्हणतात. दुसरा एकाच पट्ट्यात वरखाली करणारा, त्याला रेंज म्हणतात. चालणाऱ्या बाजारात वरची पातळी ओलांडली की घ्यायचे. पट्ट्यातल्या बाजारात त्याच पातळीवर विकायचे. शास्त्र इतके सोपे आहे की, ते समजायला एक संध्याकाळ पुरते. अडचण एवढीच, आज बाजार कोणत्या प्रकारचा आहे हे समजायलाही संध्याकाळच लागते.

साडूंनी वरच्या पातळीपाशी विकले की बाजार ती पातळी फोडून निघून जातो. दुसऱ्या दिवशी ते पातळी फुटल्यावर घेतात. बाजार दहा मिनिटे वर राहतो, चहा घेतो आणि पट्ट्यात परत येतो.

"फेक ब्रेकआउट," साडू कडवटपणे म्हणतात.

"आणि कालचा?"

"तो खरा होता."

"दोन्हींत फरक काय?"

"व्हॉल्यूम." व्हॉल्यूम दोन्ही दिवशी भरपूर होता, हे मी निदर्शनास आणले. साडू म्हणाले, "क्वालिटी ऑफ व्हॉल्यूम वेगळी होती." या उत्तराला काय म्हणावे हे मला सुचले नाही आणि सुचणार नाही, याची साडूंना खात्री होती.

यावर उपाय म्हणून जाणकार लोक एकच शेअर वेगवेगळ्या टाइमफ्रेमवर बघतात. साडूही बघतात. पाच मिनिटांचा चार्ट म्हणतो तेजी, पंधरा मिनिटांचा म्हणतो मंदी, तासाचा म्हणतो काहीच नाही, दिवसाचा म्हणतो तेजी आणि आठवड्याचा म्हणतो जपून. सरकारी समितीतही इतके मतभेद नसतात. मात्र या सोयीमुळे जगात कोणतीही पोझिशन चुकीची उरत नाही. तुमचा शेअर पडला की टाइमफ्रेम बदलायची.

हे परिवर्तन मी डोळ्यांनी पाहिले आहे. साडूंनी पाच मिनिटांच्या चार्टवर एक शेअर घेतला. तासाभरात विकायचा होता. तो पडला. त्यांनी पंधरा मिनिटांचा चार्ट लावला, "इथे अजून ठीक आहे." आणखी पडला. तासाचा लावला. साडेतीन वाजत आले तेव्हा दिवसाचा चार्ट लावून ते म्हणाले, "आज नको विकायला, डिलिव्हरी घेऊ. मोठा सपोर्ट खालीच आहे." त्या सपोर्टपाशी त्यांनी आणखी शेअर घेऊन भाव अॅव्हरेज केला. सपोर्ट तुटला. आठवड्याचा चार्ट उघडला, मग महिन्याचा. त्या दिवाळीत मी सहज विचारले, "त्या शेअरचं काय झालं?" साडू शांतपणे म्हणाले, "कंपनी चांगली आहे. लाँग टर्मला ठेवलाय. मुलाच्या लग्नाला कामी येईल." कंपनी काय बनवते हेही त्यांना आता माहीत होते. पंपच बनवते.

हे सगळे टाळण्यासाठी स्टॉपलॉस नावाची व्यवस्था आहे. अमुक भाव आला की तोटा मान्य करून बाहेर पडायचे, अशी ऑर्डर आधीच देऊन ठेवायची. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेले असते. पण साडूंचा ठाम समज आहे की, दलाल स्ट्रीटवरच्या कुठल्याशा थंड खोलीत एक माणूस केवळ त्यांचा स्टॉपलॉस शोधायला पगारावर ठेवला आहे. साडू पंचवीस शेअर घेतात. त्यांचा स्टॉपलॉस ९९५ ला असतो. भाव येतो, ९९४.८० ला शिवतो, साडूंना बाहेर काढतो आणि तिथून हजार चाळीसवर जातो.

"माझ्या पंचवीस शेअरसाठी ह्यांनी एवढा बाजार पाडला!" साडू कळवळतात.

यामागचे खरे कारण कोणाला सांगायला आवडत नाही, कारण त्यात कोणी खलनायक नाही. हजाराच्या खाली पाच रुपये ही जागा साडूंना सुचली, तशी ती त्याच पुस्तकाच्या सगळ्या वाचकांना सुचलेली असते. सगळ्यांच्या विक्रीच्या ऑर्डरी तिथे ओळीने उभ्या राहतात. भाव तिथे पोचला की त्या एकामागून एक सुटतात आणि भाव झर्रकन आणखी खाली जातो. ज्या मोठ्या गिऱ्हाइकाला भरपूर माल हवा असतो त्याला तो एका जागी, स्वस्तात मिळतो. विकणारे संपले की भाव वर. साडूंना शोधत कोणी आलेले नसते. साडू आणि त्यांच्यासारखे हजारो लोक न बोलावता एका ठिकाणी जमलेले असतात.

हे मी सांगितल्यावर साडूंनी ऑर्डर द्यायचे सोडून मनातला स्टॉपलॉस सुरू केला. त्याचा फायदा असा की, तो कोणालाही दिसत नाही. तोटा असा की, भाव तिथे पोचतो तेव्हा मन जागेवर नसते.

यात ऑप्शन, म्हणजे ठरावीक मुदतीचे सौदे, आले की कालगणनाच बदलते. निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनची मुदत पूर्वी गुरुवारी संपत असे. त्या दिवशी साडूंच्या घशाखाली घास उतरत नसे, म्हणून त्यांनी दत्ताचा गुरुवार धरला होता. दुपारी दोनला ऐंशी रुपये भाव असलेला कागद साडेतीनला शून्य होताना पाहायचा, तर पोटात साबुदाण्यापलीकडे काही नसलेले बरे. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारी आली. साडूंनी गणपतीचा मंगळवार धरला. पण त्याच वेळी मंगळवारची सेन्सेक्सची एक्स्पायरी गुरुवारी गेली आणि साडू दोन्हींत खेळतात.

"आता आठवड्यात दोन उपास," ताईंनी माझ्या बायकोला सांगितले. "सोमवारी कोणी काही सुरू केलं नाही म्हणजे मिळवली. शंकराचं मला आणखी जमणार नाही."

बाजार बंद झाल्यावर मात्र जो शहाणपणाचा काळ सुरू होतो, त्याला तोड नाही. सकाळी 'काही सांगता येत नाही' म्हणणारे तज्ज्ञ संध्याकाळी सगळे सांगू शकतात. बाजार पडला तर नफावसुलीमुळे. वाढला तर खालच्या पातळीवर खरेदी आली म्हणून. हललाच नाही तर गुंतवणूकदारांनी सावध पवित्रा घेतला म्हणून. माझ्या इतक्या वर्षांच्या ऐकण्यात 'आज बाजार का पडला हे आम्हाला कळलेले नाही' असे एकही वाक्य आलेले नाही.

जून २०२४ चा पहिला आठवडा आठवा. ३ जूनला, एक्झिट पोलच्या जोरावर, सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वाढला. ४ जूनला लोकसभेचे निकाल लागले आणि तो चार हजार तीनशेहून अधिक अंकांनी कोसळला. ५ जूनला पुन्हा दोन हजार तीनशेने वर. तिन्ही संध्याकाळी तेच तज्ज्ञ होते, तेच कोट होते आणि तिन्ही दिवशी जे झाले ते होणारच होते. साडूंनी ३ तारखेला वर जाणार म्हणून घेतले, ४ तारखेला आणखी खाली जाणार म्हणून विकले आणि ५ तारखेला ते कोणाचाही फोन उचलत नव्हते.

त्या मानाने १८ मे २००९ चा सोमवार बरा होता. त्याही वेळी लोकसभेचे निकाल नुकतेच लागले होते. बाजार उघडल्या उघडल्या वरच्या सर्किटला, म्हणजे चढण्याच्या ठरलेल्या मर्यादेला, लागला आणि थांबला. दोन तासांनी पुन्हा उघडला, पुन्हा लागला आणि दिवसभरासाठी बंद झाला. सेन्सेक्स दोन हजारांहून अधिक अंकांनी वर, आणि सौदे जेमतेम मिनिटभर. अल्पमुदतीचा व्यवहार म्हणतात तो हा. चूक करायला कोणाला सवडच मिळाली नाही.

रात्री ब्रोकरची कॉन्ट्रॅक्ट नोट येते. हे मराठी घरातल्या माणसाने एकदा तरी वाचावे असे वाङ्मय आहे. ब्रोकरेज, सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स, एक्स्चेंजचे शुल्क, सेबीचे शुल्क, मुद्रांक शुल्क आणि यातल्या काहींवर जीएसटी. एकदा दिवसभर घामाघूम होऊन साडूंनी दोनशे चाळीस रुपये मिळवले. नोटीत शेवटी उणे साठ होते.

"बाजाराने दिलं होतं," साडू म्हणाले, "मधल्यांनी खाल्लं."

मग माझ्या लक्षात आले की या बाजारात कल अचूक ओळखणारी मंडळी आहेत. सौदा कोणीही करो, वरचा करो की खालचा, त्यांचा हिस्सा ठरलेला. त्यांच्या टेबलावर एकच मॉनिटर असतो आणि रात्री ते झोपतात.

सेबीने तर आकडेच काढून ठेवले आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता. शेअरच्या इंट्राडे व्यवहारांची पाहणी वेगळी. तिथे २०२२-२३ मध्ये दहातले सात तोट्यात होते आणि वर्षाला पाचशेहून अधिक सौदे करणाऱ्यांत हे प्रमाण दहातले आठ झाले. म्हणजे सरावाने हात बसतो हा आपला जुना समज या धंद्यात उलटा लागू पडतो.

हे लपवून ठेवलेले नाही. ब्रोकरच्या अॅपमध्ये शिरताना पहिल्यांदा तीच पाटी येते, दहापैकी नऊ जणांना तोटा होतो. खाली बटण असते, समजले. साडू ते इतक्या चपळाईने दाबतात की, पाटीवर काय लिहिले आहे हे मला त्यांच्या मुलाने सांगितले.

तलावपाळीवर सकाळी फिरायला येणारे आम्ही दहा जण आहोत. गणपतीच्या सुट्टीत साडू आमच्याकडे मुक्कामाला होते, तेव्हा आमच्यातला एक जण आला नव्हता आणि साडूंनी दहा भरले. सगळे कमी-अधिक बाजारात असलेले. मी सेबीचा आकडा मोठ्याने वाचून दाखवला. दहातले नऊ बुडतात. क्षणभर सगळे गप्प झाले. मग प्रत्येकाने उरलेल्या नऊ जणांकडे सहानुभूतीने पाहिले. एकाने तर माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लोक अभ्यास करत नाहीत हो," साडू हळहळून म्हणाले.

एवढे ऐकल्या-पाहिल्यानंतर बाजार वाचता येत नाही असे मात्र मी म्हणणार नाही. तो उत्तम वाचता येतो. हॅमर की हँगिंग मॅन, ब्रेकआउट खरा की खोटा, आज ट्रेंड होता की रेंज, हे सगळे अगदी स्वच्छ दिसते आणि त्यात कधीच चूक होत नाही. फक्त वाचनाची वेळ दुपारी साडेतीननंतरची आहे. तेव्हा वाचकहो, छंद म्हणून बाजार जरूर वाचा, पण साडेतीननंतर वाचा. त्या वेळी वाचायला पैसे पडत नाहीत.